कोरडा हात

वैशाखात आमच्या पेडण्यात माणूस नुसता ओसरीवर बसला तरी घामानं भिजतो. मीही भिजतो. बनियन पिळावी लागते. पण उजवा हात कोरडा राहतो, खांद्यापासून बोटांच्या टोकांपर्यंत, आणि तोंडाची उजवी बाजूही. बसमध्ये शेजारी बसलेला नवखा माणूस चोरून बघत राहतो. त्याला वाटत असणार, म्हाताऱ्यानं घाईत अर्धंच तोंड पुसलं. मी काही सांगत नाही. विचारलं तरी सांगत नाही. आज सांगतो, कारण आज मला सांगावंसं वाटतंय. कोणाच्या सांगण्यावरून मी आयुष्यात फारसं काही केलेलं नाही.

मी तिसरीपर्यंत शिकलो. पोर्तुगीज होते तेव्हा, देवळाच्या सभामंडपात भरायची त्या मराठी शाळेत. पुढचं सगळं गणपतीच्या शाळेत. गणपती करतात त्या जागेला आमच्याकडे शाळाच म्हणतात. आमची शाळा म्हणजे घराला लागून काढलेली लांबलचक पडवी. एका टोकाला मातीचा ढीग, दुसऱ्या टोकाला फळ्यांच्या रांगा, मध्ये एक जनेल, खिडकी म्हणा, तिच्यातून उजेड यायचा. माझ्या आज्यानं ती घातली, मग माझ्या बापानं चालवली, मग मी. बापाला आम्ही आपा म्हणायचो.

चवथीचा गणपती आमच्याकडे बाजारात उभं राहून निवडत नाहीत. पाऊस स्थिरावला की लोक आपापल्या घरचा पाट घेऊन शाळेत येतात. पाटावर विड्याचं पान आणि सुपारी. यजमान पाट पुढे करतो, आपा तो दोन्ही हातांनी घ्यायचा आणि कपाळाला लावायचा. त्याच पाटावर त्या घरचा देव घडवायचा आणि चवथीला तोच पाट डोक्यावर घेऊन घरचा माणूस मुक्यानं चालत घरी जायचा. घराचा पाट ठरलेला तशी शाळाही ठरलेली. पाट दुसऱ्या शाळेत गेला म्हणजे सोयरीक मोडल्यासारखं व्हायचं. आमच्या पडवीच्या भिंतीला श्रावणात इतके पाट उभे असायचे की भिंतीचा चुना दिसत नसे.

माती मळायला बायको. हातपाय, सोंड, पोट हे मी जोडायचो. रंगाला दोन चुलतभाऊ येऊन जायचे. पण डोळे घरातला एकच माणूस काढायचा. सकाळी आंघोळ करून, उपाशी पोटी, तोंडावर धुवट पंचा बांधून, म्हणजे आपला श्वास देवावर जाऊ नये. डोळे आखेपर्यंत ती माती. डोळे आखले की देव. आपाला मोतीबिंदू झाला आणि हात थरथरायला लागला, तेव्हा एका सकाळी त्यानं कुंचला माझ्यापुढे धरला. तेव्हापासून डोळे मी काढत होतो.

मग ते भाषेचे दिवस आले. गोव्यात मराठी की कोंकणी यावरून घराघरात वाद. आम्ही पेडण्याची माणसं मराठीची आणि मी तर जास्तच. घरात बोलतो ती आमची पेडण्याची बोली, पण देवाचं, पोथीचं, पत्राचं सगळं मराठीत. त्या मंडपातल्या शाळेनं मला जेवढं दिलं तेवढंच मला लिहिता येतं, आणि ते मराठीत. त्यामुळे सभेला जायचो, घसा बसेपर्यंत ओरडायचो. रस्त्यांवर झाडं आडवी पडत होती, दगड रचले जात होते. कोणती कोणी पाडली ते मला विचारू नका.

अशाच एका दिवशी मी टेम्पो घेऊन डिचोलीहून येत होतो. तिथल्या एका शेतातली माती आम्ही आणायचो, चिकट, लोण्यासारखी. वाटेत सातविणीचं झाड आडवं. मागे-पुढे गाड्या अडकलेल्या. पाचसहा जणांनी कोयते काढले आणि फांद्या तोडायला लागलो. माझ्या शेजारी एक तरणा गडी होता. त्याचा कोयता फांदीच्या गाठीवरून निसटला आणि माझ्या उजव्या दंडात आतल्या बाजूनं बसला. तो बिचारा माझ्याआधी रडायला लागला. तो कोणत्या बाजूचा होता ते मी विचारलं नाही. झाड कोणाचं होतं तेही आजवर कळलेलं नाही.

दंडाला टाके घातले. जखम चांगली भरली. सगळे म्हणाले, देवानं हात राखला. आणि मग आग सुरू झाली.

दुखत होतं दंडात नाही, तळहातात. अंगठा, पहिलं बोट आणि मधला तळवा. निखाऱ्यावर हात ठेवावा आणि तो कोणी उचलू देऊ नये, तसं. हात लालनिळा व्हायचा, घामानं चिंब व्हायचा, कातडी चकाकायची. पंख्याचा वारा लागला तरी आग. सदऱ्याची बाही घासली तरी आग. कोणी शेजारी वर्तमानपत्र उलगडलं तर त्याच्या कुरकुरीनं हातात आग उठायची. हे लोकांना पटायचं नाही. एक सोयरा म्हणाला, "कागदाच्या आवाजान हात दुखता? सभेत आरडताना तर काय होय नाय!" मी त्याला घरातून चालता केला.

कोरडं काहीच सोसत नव्हतं. ओल्या फडक्यात हात गुंडाळला की थोडं शमायचं. फडकं सुकायला लागलं की पुन्हा. बायको दिवसरात्र तांब्या घेऊन बसायची. बोटांवर पाणी सोडायची, फडकं बदलायची. पाण्यात राहून तिच्या बोटांच्या बेचक्यांतली कातडी गेली. ती तिथे खोबरेल लावायची आणि मला दिसू नये म्हणून पदराखाली हात धरायची. मला दिसायचं.

दृष्ट काढून झाली. देवाला कौल लावून झाला. शेवटी तीच म्हणाली, "आयकलात? देवान सांगल्यान तां केलां. आता दोतोर सांगतलो तां करूया."

पणजीकडच्या मोठ्या इस्पितळात गेलो. तिथे एक डॉक्टरीण होती, सासष्टीकडची ख्रिश्चन बाई, पन्नाशीची, चष्मा नाकावर उतरलेला. तिनं आपल्या कोंकणीत विचारलं, "तुका कितें जाता?"

मी ताठ बसलो आणि पोथीतल्या मराठीत सांगितलं, "माझ्या उजव्या हातामध्ये भयंकर दाह होत आहे."

ती चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिली. "भाशण करता रे?" म्हणाली. बायकोनं पदर तोंडाला लावला. हसत होती. कित्येक महिन्यांनी.

डॉक्टरणीनं हाताला हात लावला नाही. नुसती फुंकर घातली आणि माझं तोंड बघितलं. तेवढ्यानं तिला कळलं. तिनं जे सांगितलं ते मला समजलं तसं लिहितो. कोयत्यानं दंडातली नस पुरती तुटली नव्हती, अर्धवट तुटली होती. पुरती तुटली असती तर हात मेला असता, पण जळला नसता. आणि दुखण्याची नस वेगळी, घाम आणि थंडी चालवणारी वेगळी. ही दुसरी पाठीच्या कण्याच्या बाजूनं मण्यांच्या माळेसारखी खाली उतरते. जिथे घाव बसला तिथे दोन्ही एकमेकींना चिकटल्या असाव्यात. घामाचा हुकूम सुटला की दुखणं पेटतं. मनाला जरा धक्का बसला, आवाज झाला, तरी घामाचा हुकूम सुटतोच.

"म्हणजे हात कापायला नको?" मी विचारलं.

तिनं नकाराची मान हलवली. "हाताक सुरी लावचीच ना. माळेचो एक कुडको काडचो पडटलो, हांगा," तिनं स्वतःच्या काखेकडे बोट केलं. "पूण पयलीं तपासून पळयतां."

तपासायचं म्हणजे मानेत पुढून सुई घालायची आणि ती माळ थोडा वेळ बधिर करायची. मी पडलो. सुई आत जाताना घशात गोळा आल्यासारखं झालं. उजव्या डोळ्याची पापणी जड होऊन खाली आली. आवाज घोगरा झाला. आणि मग हात गरम व्हायला लागला. आगीसारखा गरम नाही. मांजर मांडीवर येऊन बसावं तसा. घाम सुकला. आणि आग गेली.

विझली नाही, गेली. जिथे होती तिथे काहीच नव्हतं.

मी उठून बसलो आणि ओरडलो, "गो बाय माज्ये, आग गेली! खंय गेली गो?"

"पळय," डॉक्टरीण म्हणाली, "तुका उलोवंक येता!" मला बोलता येतं म्हणे.

त्या दुपारी मी इस्पितळाच्या बाहेरच्या बाकावर बसून उजव्या हातानं उंडो खाल्ला. कडक पाव, कोरडा, बोटांना टोचणारा. मुद्दाम चहात बुडवला नाही. बायको समोर उभी राहून बघत होती. मी पावाचा चुरा तळहातावर घेऊन चोळला. तिनं माझ्या तळहातावर आपला हात ठेवला, आधी भीत भीत, मग पुरता. मला काही झालं नाही. तिच्या बेचक्यांतल्या जखमा मला हाताला लागल्या.  संध्याकाळी बसमध्ये, म्हापशाच्या पुढे, आग परत आली.

डॉक्टरीण म्हणाली होती, सुईनं जाते म्हणजे शस्त्रक्रियेनंही जाणार. लगेच करूया. पण हाताला आणि तोंडाच्या त्या बाजूला पुन्हा कधी घाम येणार नाही. अंगठ्यातली ताकद किती परत येईल ते सांगता येत नाही. आणि छाती उघडायची म्हणजे नंतर बरेच दिवस विश्रांती. पाऊस तोंडावर आला होता. मी विचारलं, "चवथीपर्यंत हात तयार होईल?"

"उतर दिवंक शकना," म्हणाली, म्हणजे शब्द देता येणार नाही.

मग मी म्हणालो, चवथ होऊ दे.

बायकोनं बसमध्ये आणि घरी आणि विहिरीवर मला समजावलं. मी ऐकलं नाही. ती माझ्याशी भांडली तशी आधी कधी भांडली नव्हती. पण माझं गणित माझ्यापाशी होतं. इस्पितळातून आल्यावर मी हात मातीच्या ढिगात घातला होता, थंडगार भिजलेल्या मातीत, कोपरापर्यंत. फडक्यापेक्षा माती बरी वाटली. मातीत हात असला की आग तळाशी जाऊन बसायची. मला वाटलं, माती माझं औषध आहे आणि काम तर मातीचंच आहे. पाट यायला लागले. शाळा बंद ठेवली तर ते पाट कुठे जाणार? मी आजही म्हणतो, त्या वेळी माझ्या जागी असता तर तुम्हीही तेच केलं असतं.

त्या उन्हाळ्यात गोवा घटक राज्य झाला होता. भाषेचा कायदाही आला होता, कोंकणीला मान मिळाला, मराठी शेजारी बसली. आपा पडवीत बसून चिडायचा. मी चिडायला मोकळा नव्हतो. अंगठा धड वळत नव्हता, तरी डाव्या हाताच्या मदतीनं मी त्या वर्षीचे सगळे गणपती घडवले. दिवसभर हात ओला. रात्री तांब्या. आषाढ गेला, श्रावण अर्धा गेला. मूर्ती सुकल्या. पांढरा हात मारून झाला, रंग झाले. आणि डोळ्यांची सकाळ आली.

तेव्हा मला कळलं, मी काय विसरलो होतो. माती ओली असते. कुंचला कोरडा असतो.

पंचा बांधून बसलो. फडकं सोडलं. ओल्या हातानं डोळे काढता येत नाहीत, थेंब ओघळला की देवाच्या गालावर काळा ओहळ. हात पुसला. पुसतानाच डोळ्यांपुढे अंधारी आली. कुंचल्याची काडी दोन बोटांत धरली आणि जणू तापलेली सळई धरली. कुंचला गळून पडला. पुन्हा धरला. पुन्हा पडला. डाव्या हातानं करून बघितलं, एका फुटक्या मूर्तीवर. तो डोळा कोणाला दाखवण्यासारखा नव्हता.

शेजारच्या गावच्या शाळेतला एक चांगला हात होता, त्यानं निरोप धाडला होता की गरज पडली तर येतो. आपा म्हणाला, "आमच्या शाळेतल्या देवाक परको मनीस दोळे काडतलो? मी मेलंय काय?" बायको हळूच म्हणाली, "मामांनू, मी रांगोळी घालतंय ना... माजो हात हलना नाय." आपानं तिच्याकडे नुसतं बघितलं. मग तो उठला, विहिरीवर गेला, आंघोळ करून आला. पंचा बांधला. "दोळे मी काडतंय," म्हणाला. "तू नुसतो बाजूक बस."

मी बसलो. हात बादलीत घालून.

एका डोळ्यावर पडदा असलेला सत्तरीचा माणूस. पण त्या सकाळी त्याचा हात थरथरला नाही. एवढं मी देवासमोर सांगेन, हात एकदाही थरथरला नाही. रेघा बारीक, सुरेख, एका दमात ओढलेल्या. तो उजेडाला मान तिरकी करून, चांगल्या डोळ्यानं बघत, एकामागून एक डोळे काढत गेला. आणि प्रत्येक बुबुळ डावीकडे गेलं. थोडंसंच. पण प्रत्येक.

दोन दिवसांनी पडवीच्या दारात उभं राहून मी बघितलं तर सगळ्या फळ्यांवरचे सगळे गणपती एकाच बाजूला बघत होते. समोर कोणीच नाही. सगळे त्या जनेलाकडे, जणू बाहेरून कोणी येणार आहे. बायको माझ्या मागे उभी होती. तिनं माझ्या खांद्याला धरलं. आपा ओट्यावर बसून विचारत होता, "कशे जाले रे?"

"बरे जाले आपा," मी म्हणालो.

चवथीला लोक आले. बघितलं. आपा दारातच बसलेला, प्रत्येकाला ओळखून नावानं हाक मारत होता. कोणी काही बोललं नाही. मी त्यांच्या या चांगुलपणाचं नाव नेहमी घेतो. एका म्हातारीच्या तोंडून निघून गेलं, "ह्यो खंय पळयता गो?" हा बघतो कुठे, तर तिच्या सुनेनं तिचा दंड दाबला. देवाच्या तोंडावर रुमाल टाकून, पाट डोक्यावर घेऊन सगळे गेले. सगळ्यात शेवटी मास्तर आले. आमच्या वाड्यावरचे प्राथमिक शिक्षक. ते कोंकणीवाले. उघड, छातीठोक कोंकणीवाले. आंदोलनाच्या दिवसांत मी त्यांच्याशी भर बाजारात भांडलो होतो, तेव्हापासून आमचं बोलणं नव्हतं. पाट तेवढा ते घेऊन येत, आपाच्या हातात देत. त्यांनी आपल्या गणपतीकडे बराच वेळ बघितलं. मग आपाच्या पायांना हात लावला आणि मूर्ती उचलून गेले.

दिवाळीच्या आधी मी शस्त्रक्रियेला गेलो. आता अडवायला काही नव्हतं.

काखेतून छाती उघडली. फुप्फुस बाजूला सारून आतली ती माळ शोधली आणि तिचा तुकडा काढला. शुद्धीवर आलो तेव्हा छातीत एक नळी होती आणि श्वास घेताना बरगडीत सुरी फिरत होती. पण ते साधं दुखणं होतं. माणसाला दुखतं तसं. मी उजव्या हाताकडे बघितलं. पांघरुणाच्या खरखरीत कापडावर तो पडला होता, उघडा, कोरडा, गरम. मी वाट बघत राहिलो. आग आली नाही. संध्याकाळ झाली, आली नाही. शेजारच्या खाटेवरच्या माणसानं वर्तमानपत्र उलगडलं. मी डोळे मिटून घेतले. काही झालं नाही. तेव्हा मी रडलो. डॉक्टरीण फेरीला आली होती, म्हणाली, "आतां कित्याक रडटा? आतां भाशण कर."

मी म्हणालो, "बाय, आता माका मराठी सुचणा नाय."

घरी आल्यावर बायकोनं तांब्या घासून फडताळात ठेवला. त्या रात्री तिनं माझा हात हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. "तुमचोच मां?" म्हणाली. "परक्या मनशाचो हात धरल्यासारख्या वाटता." ती हसत म्हणाली, पण हात लवकर सोडला नाही. अंगठा थोडा सुधारला, पुरता नाही. आजही मी लेखणी दोन बोटांच्या बेचक्यात धरून लिहितो, त्यामुळे अक्षर असं.

पुढच्या वर्षी पाऊस लागला. मी माती आणली. बायकोनं मळली. ओली माती माझ्या कोरड्या तळव्यावर धरताच सुकायची, तिला भेगा पडायच्या. सारखा हात पाण्यात बुडवावा लागायचा. मी म्हटलं, शिकेन. मग आम्ही पाटांची वाट बघितली.

आषाढात कोणी आलं नाही. श्रावण लागला. चुलतभावाकडून कळलं, पाट शेजारच्या गावच्या शाळेत जातायत. मराठीवाल्यांचे, कोंकणीवाल्यांचे, सगळ्यांचे. लोकांची काही चूक नव्हती. चवथीला देवानं माणसाकडे बघावं, एवढीच तर अपेक्षा. भिंतीचा चुना वरपासून खालपर्यंत दिसायला लागला.

आपाला आता दोन्ही डोळ्यांनी उजेड-काळोख तेवढा कळायचा. इस्पितळात जाऊन पडदा काढून घ्यायला तो तयार नव्हता, म्हणायचा, बघण्यासारखं बघून झालं. तो भिंतीजवळ जायचा आणि हातानं चाचपायचा. एका सकाळी तसाच भिंतीला हात लावून उभा राहिला.

"पाट खंय गेले रे?"

बायको चुलीपाशी होती. तिनं माझ्याकडे बघितलं. मी तयार होतो. मी म्हणालो, "आपा, भाषेचां भांडण. आमी मराठीवाले म्हणान लोकांनी पाट हलयले."

 आपाची मान ताठ झाली. "असां काय!" म्हणाला. "देवाच्या पाटात भाषा घुसयली? न्हेऊं देत. मोडतंय, पण वाकूचंय नाय." आणि तो ओट्यावर जाऊन बसला आणि दुपारपर्यंत कोंकणीवाल्यांना शिव्या घालत राहिला. कित्येक महिन्यांत त्याच्या आवाजात एवढा जोर मी ऐकला नव्हता. तो दुपारी दोन वेळा भात मागून जेवला.

हे खोटं होतं, असं कोणी म्हणेल. म्हणू दे. मला त्याचं काही वाटत नाही. भाषेच्या त्या सगळ्या भांडणातून माझ्या घराला एवढी एकच गोष्ट मिळाली आणि ती मी बापाला दिली.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी दारात मास्तर उभे. बगलेत पाट, पाटावर पान-सुपारी.  आपा ओट्यावरच होता. पाट ओट्यावर टेकला त्याच्या आवाजानंच त्यानं ओळखलं.

"कोणाचो रे पाट?"

"मास्तरांचो," मी म्हणालो.

आपाचं तोंड उजळलं. "बघ! म्हटलां नाय? आपल्यातलो मनीस हलना नाय." आणि आवाजाच्या दिशेनं तोंड करून त्यानं विचारलं, "मास्तरांनू, तुमी मराठीचेच मां?"

मी मास्तरांकडे बघितलं. सभांमधून वर्षभर कोंकणीसाठी भाषणं केलेला माणूस. माझ्याशी बोलणं टाकलेला. त्यांनी उघड्या भिंतीकडे बघितलं. माझ्या हाताकडे बघितलं. मग आपाजवळ बसून, शाळेत मुलांना धडा वाचून दाखवावा तशा स्वच्छ मराठीत म्हणाले, "होय आपा. मी मराठीचाच आहे."

आपानं पाट दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावला.

त्या वर्षी आमच्या शाळेत दोनच गणपती झाले, मास्तरांचा आणि आमच्या घरचा. डोळ्यांच्या सकाळी मी पंचा बांधून बसलो. अंगठ्यात जोर नव्हता म्हणून बायकोनं कुंचला माझ्या दोन बोटांना दोऱ्यानं बांधला. आपा शेजारी येऊन बसला आणि त्यानं माझ्या उजव्या तळव्यावर हात फिरवला. इतका वेळ फिरवला की मला वाटलं काहीतरी सांगणार.

"घाम नाय," म्हणाला. "बरां झालां. कुंचलो निसटूचो नाय."

मी मास्तरांच्या गणपतीचे डोळे काढले. वेळ लागला. बुबुळ मधोमध बसलं. मी कुंचला खाली ठेवल्याचं आपाला कळलं. तो तसाच बसून होता, मूर्तीकडे तोंड करून, जणू दिसतंय.

"रे," तो हळूच म्हणाला. "गेल्या वर्साक मी काडलेले दोळे... खंय पळयताले?"

बायको दारात उभी होती, ती जागच्या जागी थांबली. बाहेर पागोळ्या गळत होत्या. माझं सगळं अंग घामानं भिजलं, पाठ, मान, तोंडाची डावी बाजू. तो हात तेवढा कोरडा, दोऱ्यानं बांधलेल्या कुंचल्यासकट मांडीवर पडलेला.

"समोर, आपा," मी म्हणालो. "समोर पळयताले."

त्यानं माझा तो हात शोधला, बोटांवरचा दोरा सोडला आणि कुंचला पाण्यात बुडवून, चोळून, स्वच्छ धुऊन ठेवला. नेहमी ठेवायचा तसा, केस वर करून.